परदेशी गाडी घेताय? रुबाबाचे पैसे आणि गाडीचे पैसे वेगळे मोजा

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या रेल्वे स्टेशनाबाहेर मर्सिडीजची ई-क्लास टॅक्सीच्या रांगेत उभी असते. फिकट हस्तिदंती रंग, छतावर टॅक्सीची पाटी, डिकीत कुणाची तरी बॅग. वरळीच्या टॉवरखाली तीच गाडी वळली की वॉचमन खुर्ची सोडून उभा राहतो. इंजिन तेच, पत्रा तोच. फरक पडतो तो त्या त्या देशातल्या करांमुळे, रस्त्यांमुळे आणि आजूबाजूची माणसं काय चालवतात त्यामुळे.

हा फरक मुंबईत सर्वांत जास्त कळायला हवा तो सेकंडहँड घेणाऱ्याला. नव्या क्रेटासाठी जमवलेल्या पैशांत सात-आठ वर्षांची जर्मन सेदान मिळते आणि जाहिरातीत तिच्यापुढे ‘इम्पोर्टेड’ असं ठळक लिहिलेलं असतं. त्या पैशांत गाडीचा वाटा किती आणि रुबाबाचा किती, हे आधी वेगळं काढा. बाकीचे निर्णय मग बरेच सोपे होतात.

आधी कराचा हिशेब

परदेशात पूर्ण तयार होऊन जहाजाने आलेली गाडी म्हणजे सीबीयू. सुट्या भागांत येऊन इथल्या कारखान्यात जोडलेली ती सीकेडी. मर्सिडीजच्या सी, ई, एस आणि जीएलसी, जीएलई, जीएलएस चाकणला जोडल्या जातात. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक खपाऊ गाड्या चेन्नईत, ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यात, व्होल्व्होच्या बंगळुरूजवळ होसकोटेत, जग्वार लँड रोव्हरच्या बऱ्याच गाड्या पुण्यात. पोर्शे, फेरारी, लॅम्बोर्गिनी, बेंटली, रोल्स-रॉइस या मात्र जशाच्या तशा बाहेरून येतात. म्हणजे ओएलएक्सवर ‘इम्पोर्टेड’ म्हणून झळकणारी ई-क्लास बहुतेक वेळा चाकणची असते.

सीबीयूचा हिशेब कागदावर मांडून बघा. मुंबई बंदरात उतरताना गाडीची किंमत ५० लाख धरू. ४० हजार डॉलरच्या वरच्या गाडीवर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून ११० टक्के, म्हणजे ५५ लाख. झाले १०५ लाख. त्यावर सप्टेंबर २०२५ पासूनचा ४० टक्के जीएसटी, ४२ लाख. झाले १४७ लाख. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी रोड टॅक्स २० टक्के, सुमारे २९ लाख. (या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून ३० लाख आहे.) डीलरचा नफा आणि विमा धरायच्या आधीच गाडी पावणेदोन कोटींवर गेली. त्यातले सव्वा कोटी सरकारजमा झाले.

वॉचमन उठून उभा राहतो तो या सव्वा कोटींसाठी. पहिला मालक ते भरतो आणि गाडी विकताना त्यातले फारच थोडे परत मिळवतो. दुसऱ्या मालकाला गाडी स्वस्त पडते ती म्हणूनच. पण इथेच लोक फसतात: विकत घेण्याची किंमत उतरते, चालवण्याची उतरत नाही. ब्रेक डिस्क, एअर सस्पेन्शनची (स्प्रिंगऐवजी गाडी पेलणारी हवेची) बॅग, हेडलाइट यांच्या किमती नव्या गाडीच्या हिशेबानेच राहतात. तेव्हा गाडी तुम्हाला कितीला मिळतेय हे बाजूला ठेवा आणि आज ती नवी कितीला पडते ते विचारा. सर्व्हिसची बिलं त्या आकड्याच्या मापाने येणार आहेत.

सीबीयू की सीकेडी हे कळण्याला आणखी एक व्यवहारी कारण आहे. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करताना साध्या मोटारीला ५,००० रुपये फी लागते, आयात मोटारीला ४०,०००. वीस वर्षांच्या पुढे हेच आकडे १०,००० आणि ८०,००० होतात. चॅसी नंबरच्या पहिल्या अक्षरावर भिस्त ठेवू नका. डब्ल्यू म्हणजे जर्मनी, एस म्हणजे ब्रिटन, जे म्हणजे जपान हे खरं, पण ते अक्षर कंपनीची नोंद सांगतं आणि भारतात जोडलेल्या काही गाड्यांवरही मूळ देशाचंच अक्षर असतं. पहिलं विक्री बिल आणि आरसीवरची नोंद बघा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारात ठरावीक कोट्यातल्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलं आहे. जी प्रतिष्ठा कराने तयार केली, ती कर उतरला की उतरते. पूर्ण आयात केलेली जुनी ब्रिटिश गाडी ‘गुंतवणूक’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर त्याला नम्रपणे नमस्कार करा.

देश बदलला की गाडीचा अर्थ बदलतो

हे कळायला तीन प्रश्न पुरतात. त्या देशात आयातीवर कर किती? तिथे स्वतःच्या गाड्या बनतात का? आणि गाडीचे पैसे कोण भरतं, मालक की त्याची कंपनी?

जर्मनीत मोठ्या सेदानचे पैसे पुष्कळदा कंपनी भरते. नोकराला गाडीच्या मूळ किमतीच्या एक टक्का रक्कम दरमहा आपल्या करपात्र उत्पन्नात धरावी लागते. त्यामुळे रस्त्यावरची बीएमडब्ल्यू पाच-सिरीज ‘हा कंपनीत कुठल्या पायरीवर आहे’ एवढंच सांगते. पायरी लपवायची असेल तर डिकीवरचा मॉडेलचा आकडा न लावण्याची सोय ऑर्डर देतानाच असते. बीएमडब्ल्यूच्या ऑप्शन यादीत तिचा कोड ३२० आहे. मुंबईत नेमकं उलटं चालतं. साध्या ३२०डीवर कुर्ल्यातून आणलेला ‘एम’चा, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या स्पोर्ट गाड्यांचा, बिल्ला चिकटवला जातो. म्हणून बिल्ला वाचू नका. चॅसी नंबर टाकून त्या गाडीची मूळ ऑप्शन यादी काढा आणि खरा एम स्पोर्ट पॅक, खरं सनरूफ, खरी म्युझिक सिस्टिम त्यात आहे का ते पडताळा.

जपानने मोटारींवरचं आयात शुल्क १९७८ मध्येच शून्यावर आणलं. तरीही परदेशी गाडीचं वजन तिथे टिकलं, कारण घरच्या गाड्या इतक्या चांगल्या होत्या की बाहेरची घेणं ही निव्वळ हौस ठरली. ती हौस दिसावी म्हणून उजव्या स्टिअरिंगच्या त्या देशात श्रीमंत मुद्दाम डाव्या स्टिअरिंगची मर्सिडीज घेत. पण खरी सत्ता बसते ती टोयोटाच्या सेंच्युरीत. १९६७ पासून बनणारी, परदेशी बिल्ला नसलेली ही गाडी सम्राटाच्या ताफ्यात असते. लेक्ससची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९८९ मध्ये हा ब्रँड अमेरिकेसाठी काढला, आणि तीच मोठी सेदान जपानमध्ये २००६ पर्यंत टोयोटा सेल्सिओर या नावाने विकली जात होती. अमेरिकेत नवं नाव लागलं, घरी जुनंच पुरलं.

अमेरिकेत ‘इम्पोर्टेड’ या शब्दाला आता फारशी धार नाही. जगभर जाणारी बीएमडब्ल्यू एक्स५ बनते साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला. तिथला बांधकामाचा श्रीमंत कंत्राटदार देशी पिकअप चालवतो आणि त्यातच त्याचा मान असतो. पंचवीस वर्षांहून जुन्या परदेशी गाड्यांना सुरक्षा नियमांतून सूट असल्यामुळे जपानी निस्सान स्कायलाइनसारख्या गाड्या तिथे शौकिनांची खूण झाल्या.

सिंगापूरमध्ये सगळ्याच गाड्या बाहेरच्या. तिथे नुसता दहा वर्षं गाडी बाळगायचा परवाना एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेलेला आहे. अशा गावात साधी कोरोलासुद्धा ऐपतीचा दाखला ठरते. दुबईत शुल्क अवघं पाच टक्के, गाडी कुणीही घेतं, म्हणून रुबाब नंबर प्लेटवर सरकला. २०२३ मध्ये ‘पी ७’ ही प्लेट साडेपाच कोटी दिरहॅमना गेली. मुंबईतही हे लोण आहेच: ०००१ या नंबरासाठी सरकारी फी सहा लाख आहे. न्यूझीलंडने १९९८ मध्ये शुल्क काढून टाकल्यापासून तिथे जपानहून आलेली जुनी गाडी म्हणजे कॉलेजातल्या पोराची गाडी. आणि ढाक्यात? तसलीच जपानहून आलेली ‘रिकंडिशन्ड’ टोयोटा सेदान म्हणजे घर बऱ्यापैकी वर आलं.

चीनचं उदाहरण मुंबईला सर्वांत जवळचं आहे. तिथे पुष्कळ वर्षं सरकारी बाबूंची गाडी म्हणजे काळी, लांबवलेली ऑडी ए६ होती. साहेब मागे बसतो, म्हणून मागची जागा वाढवलेली. भारतातही हेच झालं. मर्सिडीजने २०१७ मध्ये लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) ई-क्लास इथे आणली, पुढे बीएमडब्ल्यूनेही तीन आणि पाच सिरीज लांबवल्या. म्हणून स्वतः चालवणार असाल तर लांब गाडीचे जादा पैसे भरू नका, ते मागच्या सीटचे आहेत.

आता आपल्या घरचं. फॉर्च्युनर कर्नाटकात बिडदीला बनते, तिला इम्पोर्टेड कुणीच म्हणत नाही. तरी साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या रस्त्यावर पांढरी फॉर्च्युनर मागे लागली की लोक बाजू देतात, सी-क्लासला देत नाहीत. तिथे गाडी ताकद सांगते: मागे माणसं आहेत, राजकारण आहे, शेतातल्या रस्त्याने जाता येतं. सी-क्लास गावच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला पोट घासते आणि काही बिघडलं तर फ्लॅटबेडवर पुणे-कोल्हापूरला न्यावी लागते. मुंबईतल्या मुंबईतही फोर्टात क्लायंटकडे जायचं, लग्नाला कर्जतला जायचं की सासरवाडीला कराडला, यावर कुठली गाडी मान देईल ते ठरतं. कुणासमोर उतरायचं आहे ते आधी ठरवा आणि ते स्वतःशी तरी प्रामाणिकपणे ठरवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याची किंमत माहीत नसणं मात्र महागात पडतं.

पार्किंग मोजल्याशिवाय टोकन देऊ नका

मुंबईच्या २०३४ च्या विकास नियमावलीत मोठ्या गाडीची जागा २.५ बाय ५.५ मीटर आणि लहानीची २.३ बाय ४.५ मीटर धरली आहे. एस-क्लास सुमारे ५.३ मीटर लांब असते. लहान जागा तुमच्या नावावर असेल तर पाऊण मीटर नाक बाहेर राहील आणि सोसायटीच्या मीटिंगला तोच विषय होईल.

स्टॅक किंवा पझल पार्किंग असेल तर यंत्रावरची पाटी वाचा. त्यावर उंची आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं. खालच्या-मधल्या पॅलेटला पुष्कळदा दीड मीटरच्या आसपासचीच उंची चालते, म्हणजे एसयूव्ही बाद. वजनमर्यादा दोन टनांची असेल तर मर्सिडीज जीएलएस किंवा बीएमडब्ल्यू एक्स७ त्यावर चढवायचीच नाही, त्या रिकाम्याच दोन टनांच्या बऱ्याच वर आहेत. पॅलेटच्या दोन कडांमधली रुंदीही टेपने मोजा. रुंद टायरांच्या गाड्यांच्या अलॉय रिम्स तिथेच खरवडतात.

कागद

एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. मुंबईचं पासिंग असेल तर काम सोपं: मालकी बदलायचे नमुना २९ आणि ३०, कर्ज होतं तर बोजा उतरवायला नमुना ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र. नाव बदलायचा अर्ज तीस दिवसांत करा. थकलेले ई-चलान विकणाऱ्याकडूनच भरून घ्या, आधी भरून मग पैसे.

दिल्लीकडची डिझेल गाडी दिसायला भारी स्वस्त असते. राजधानी परिसरात दहा वर्षांच्या डिझेलवर आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोलवर बंधनं आल्यापासून तिथला माल इकडे येतो. पुद्दुचेरीचं, म्हणजे पीवायचं पासिंग असेल तर कारण वेगळं: तिथला रोड टॅक्स कमी, म्हणून पूर्वी अनेकांनी तिकडचा पत्ता दाखवून महागड्या गाड्या नोंदवल्या. दोन्ही बाबतींत बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे राहिली तर नोंदणी महाराष्ट्रात करावीच लागते. नमुना २८ ची एनओसी, नमुना २७ चा अर्ज, आणि इथला रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा. आधीच्या राज्यातला कर परत मागता येतो, पण अर्ज करून, फेऱ्या मारून. हा टॅक्स किमतीत मिळवल्यावर दिल्लीची स्वस्ताई बहुधा विरघळते. नंबर एमएच झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

खरीखुरी आयात गाडी, विशेषतः जुनी टोयोटा लँड क्रूझर किंवा निस्सान पट्रोल, घेत असाल तर ‘बिल ऑफ एंट्री’ (आयातीच्या वेळी कस्टम्सकडे दिलेला कागद) मागा आणि त्यावरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंबर सतरा अक्षर-अंकांचा असेल तर त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. एक जरी दिसलं तरी प्लेट बनावट. वापरलेली गाडी भारतात आणायला ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. ‘नातेवाइकाने दुबईहून आणलेली’ आठ वर्षांची डाव्या स्टिअरिंगची गाडी या नियमांत बसतच नाही. २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे चोरट्या वाटेने आलेल्या गाड्या जप्त केल्या. वकिलातीच्या माणसाच्या नावावर करमाफीत आलेल्या गाडीचंही तसंच: तिचा कर भरल्याची पावती नसेल तर जप्ती शेवटच्या मालकाच्या दारात येते.

तपासणी: अर्धा दिवस काढा

सकाळी जा आणि आदल्या दिवशीच बजावून ठेवा की गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट असेल तर परत या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. रात्रभर उभी असलेली गाडी दोन गोष्टी सांगते. एक, एअर सस्पेन्शन. चारही चाकांवर मडगार्डची कड ते रिमचा मध्य हे अंतर टेपने मोजा. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर एखादी बॅग गळतेय. बॅग गळती राहिली की कॉम्प्रेसर सतत चालतो आणि जळतो, म्हणून एकाचं काम बहुतेक वेळा दोघांचं बिल होऊन येतं. दोन, थंड इंजिनाचा पहिला आवाज. २००७ ते २०११ च्या सुमाराच्या बीएमडब्ल्यू ३२०डी आणि ५२०डी गाड्यांत एन४७ डिझेल इंजिन आहे. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. सुरू होताच मागून साखळी घासल्यासारखी खरखर आली तर ती चेन आहे आणि तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेन तुटली तर इंजिन गेलं. त्याच काळातल्या ऑडीच्या टर्बो पेट्रोल गाड्या ऑइल पितात. मालकाला विचारा, दोन सर्व्हिसच्या मधे किती लिटर टॉपअप लागतं.

मग पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मुंबईचा गाडीबाजार बुडालेली गाडी धुऊनपुसून विकायला शिकला आहे. पुढच्या दोन्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट आडवी रेघ असेल तर पाणी तिथवर आलं होतं. विक्रेता सीटकव्हर बदलतो, मॅट बदलतो, बेल्ट क्वचितच कुणी बदलतं. सीट मागे सरकवून रुळांचे स्क्रू बघा. डिकीचं आच्छादन उचलून स्टेपनीच्या खोबणीत बोट फिरवा, बारीक रेती हाताला लागते. बऱ्याच जर्मन गाड्यांत बॅटरी आणि कंट्रोल मॉड्यूल डिकीतच असतात, तिथे ओल म्हणजे पुढे वर्षभर विजेचे चाळे.

पुरात न सापडलेल्या गाडीतही सनरूफच्या वाटेने पाणी येतं. सनरूफ उघडून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत पाव-पाव लिटर पाणी हळूहळू सोडा. काही सेकंदांत ते पुढच्या चाकांजवळ ठिबकायला हवं. तुंबून राहिलं तर नळी कचऱ्याने बंद आहे आणि पावसाळ्यात ते पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. कार्पेटखाली वायरिंग आहे. लगेच कार्पेटची कड दाबून बघा, ओला वास आला की समजा हे आधीच सुरू आहे.

आता मागची डावी सीट बघा. मुंबईत साहेब तिथे बसतो. तिथलं लेदर ड्रायव्हरच्या सीटपेक्षा जास्त मऊ पडलेलं असेल, तिथल्या काचेचं बटण झिजलं असेल, तर गाडी ड्रायव्हरच्या हातातली आहे. त्यात वाईट काही नाही, पण अशी गाडी ऑफिसखाली एसी लावून तासन् तास उभी असते. मीटरवर ५० हजार किलोमीटर दिसतात आणि इंजिन त्याच्या दुपटीने चाललेलं असतं. शक्य असेल तिथे स्कॅनरवर इंजिनाचे चालू तास बघा.

स्कॅनर कंपनीचा किंवा त्याच दर्जाचा हवा: बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, ऑडी-स्कोडाला ओडिस किंवा व्हीसीडीएस. दोन-तीन हजारांचा ब्लूटूथ डोंगल इंजिनापलीकडे फारसं वाचत नाही. किलोमीटरची नोंद एकाहून जास्त मॉड्यूलमध्ये असते, बीएमडब्ल्यूच्या तर किल्लीतही असते. मीटरशी ती जुळत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. आणि एकही एरर नाही म्हणून खूश होऊ नका. ‘रेडिनेस’ (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ती नोंद) अपूर्ण दाखवत असेल तर बहुधा नुकतेच सगळे कोड पुसले आहेत. तीसेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन लावा.

रंगाच्या थराची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर भाड्याने मिळतो. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० च्या वर म्हणजे पुन्हा रंगवलंय, तीनशे-चारशे म्हणजे खाली पुट्टी आहे. एखादं दार रंगवलेलं असणं मुंबईत रोजचं. छत आणि दरवाज्यांमधले खांब रंगवलेले असतील तर सोडा.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचे चारही टायर बदलायचे धरूनच भाव करा. हे टायर रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) असतील तर बिल बरंच वाढतं. त्यांच्या कडक भिंती खड्ड्याचा धक्का सरळ रिमवर देतात, म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन रिमची आतली कड बोटाने चाचपा. बाहेरून चकचकीत रिमला आत तडा असतो. लिफ्टवर आहेच तर पुढचे बॉटम आर्म, बुश आणि ऑइलची गळती बघून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह दोन भागांत करा. आधी सिग्नलवरची गर्दी: दुसऱ्यातून पहिल्यात उतरताना झटका बसतो का, डी टाकल्यावर गाडी सेकंदभर विचार करते का. मग ईस्टर्न फ्रीवेसारखा मोकळा रस्ता. दुपारी, गाडी उभी असताना एसी तितकाच गार राहतो का तेही बघा. बीएस६ डिझेल असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किती भरलाय हे स्कॅनरवर वाचा. त्याला स्वतःला जाळून साफ करायला वीसेक मिनिटं सलग वेग लागतो. रोज दादर ते लोअर परळ एवढंच चालवायचं असेल तर डिझेल घेऊच नका, पेट्रोल घ्या. पेट्रोलची असेल तर टाकीच्या झाकणाच्या आतलं लेबल वाचा, ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालतं असं लिहिलंय का ते कळेल.

भाव करताना

गाडीच्या किमतीच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला राहिली पाहिजे. ती राहत नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या. तपासणीत निघालेलं प्रत्येक काम लेखी कोटेशन घेऊन भावातून वजा करायला लावा. तोंडी ‘करून देतो’ला किंमत नाही. डीलरकडून घेत असाल तर जीएसटी १८ टक्के असला तरी तो त्याच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. पूर्ण किमतीवर लावलेला दिसला तर बिल परत करा.

ताब्यात आल्यावर पहिला महिना

इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर लगेच बदला. नंतर गाडीचा संगणक काही म्हणो, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये आठ ते दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायचं. गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ असं सांगतात. बीएमडब्ल्यूत आणि इतर अनेक गाड्यांत येणारा आठ गिअरचा झेडएफ गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ते ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. त्याचा फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणून पूर्ण पॅन घ्यावा लागतो. लेव्हल बघताना इंजिन चालू हवं आणि गिअरबॉक्सचं ऑइल ३० ते ५० अंशांत हवं. हे तापमान न बघता ऑइल भरणारा मेकॅनिक टाळा.

पार्टसाठी कंपनीच्या डब्यातलाच माल हवा असं नाही. लेमफर्डर, सॅक्स, बॉश, माले, मान हे मूळ पुरवठादार आहेत आणि तोच भाग त्यांच्या डब्यात बराच कमी भावाला मिळतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आरसे, दारं, बंपर, सीट असे जुने भाग बघून घ्यायला हरकत नाही. ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंगचं सामान तिथून कधीच घेऊ नका. बीएमडब्ल्यूची बॅटरी बदलली तर ती स्कॅनरवर नोंदवून घ्या, नाहीतर गाडी जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहते आणि नवी लवकर मरते.

विमा स्वतःच्या नावावर चौदा दिवसांत करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. विम्याचं इंजिन प्रोटेक्शन हे जादा कलम जूनच्या आधी घेतलंच पाहिजे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारून पाहिली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. गाडी पाण्यात बंद पडली की बटणाला हात न लावता टो बोलवायचा, हे ड्रायव्हरलाही सांगून ठेवा. नंबर प्लेट एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नसेल तर ती बसवा. जुन्या मालकाचा फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्या आणि आपल्या नावाचा लावा. तोवर अटल सेतूवर जाऊ नका, टोल त्याच्या खात्यातून कापला जाईल आणि फोन तुम्हाला येईल.